बीसीजीची खूण आहे, तरी क्षय कसा झाला? आणि नवी लस अडते कुठे?

साखळीहून एका आईने तीन प्रश्न विचारले आहेत. त्यांची 19 वर्षांची मुलगी पणजीला कॉलेजात जाते. महिनाभर खोकला होता, संध्याकाळी कणकण, वजन उतरलं. बेडका तपासला तर क्षय निघाला. औषधं सुरू झाली आहेत. आई विचारतात: जन्मल्याबरोबर बीसीजी टोचलं होतं, डाव्या दंडावर खूण अजून आहे, मग हिला क्षय झालाच कसा? करोनाची लस वर्षभरात आली, क्षयाची नवी लस शंभर वर्षांत का नाही? आणि घरात 15 वर्षांचा धाकटा मुलगा आहे, त्याला पुन्हा बीसीजी टोचून घेऊ का?

ताई, तिसऱ्या प्रश्नाची घाई आहे म्हणून त्याचं उत्तर आधी एका ओळीत देतो: बीसीजी नको, पण मुलाची तपासणी आणि छातीचा एक्स-रे याच आठवड्यात करा. त्याबद्दल शेवटी नीट लिहितो. पहिल्या दोन प्रश्नांना थोडा वेळ लागेल. मी फोंड्याला तीसेक वर्षं छातीचे आजार बघतो, आणि मध्ये काही वर्षं गोव्याबाहेर क्षयाच्या एका लसीच्या चाचणीत डॉक्टर म्हणून राबलो आहे. तुमचा दुसरा प्रश्न तेव्हा मला रोज कोणी ना कोणी विचारायचं.

आधी ती खूण. बाळाला कातडीच्या आतल्या थरात 0.05 मिलिलिटर बीसीजी देतात. काही आठवड्यांनी तिथे गाठ येते, पिकते, सुकते आणि वण राहतो. लस आत गेली आणि शरीराने तिची दखल घेतली, इतकंच तो वण सांगतो. पुढची वीस वर्षं फुप्फुसं सुरक्षित राहतील, हे त्या वणात कुठेही लिहिलेलं नाही. दोष तुमचा नाही, नर्सचाही नाही. बीसीजी ज्या कामाची लस आहे, ते काम तिने तुमच्या मुलीसाठी बहुधा केलं आहे. ते काम कोणतं, ते सांगतो.

1908 साली फ्रान्समधल्या लिल शहरात आल्बेर काल्मेत हे डॉक्टर आणि कामिय गेरँ हे पशुवैद्य यांनी गाईगुरांच्या क्षयाचा जंतू पित्त आणि ग्लिसरीन लावलेल्या बटाट्याच्या कापांवर वाढवायला घेतला. दर तीन आठवड्यांनी नवा काप. पहिल्या महायुद्धात लिल जर्मनांच्या ताब्यात होतं, तरी हे काम थांबलं नाही. तेरा वर्षांत असे सुमारे 230 फेरे झाले आणि जंतूची मारक शक्ती गेली. 1921 मध्ये पॅरिसमध्ये एका नवजात बाळाला ती लस तोंडावाटे दिली. आपण आजही जे टोचतो, ते त्याच जंतूच्या वंशातलं आहे. त्याने जे गमावलं त्यात जनुकांचा एक महत्त्वाचा तुकडाही होता, हे पुढे कित्येक दशकांनी कळलं.

बीसीजी लहान बाळाला मेंदूच्या क्षयापासून आणि रक्तातून सगळीकडे पसरणाऱ्या क्षयापासून सुमारे 70 ते 80 टक्के वाचवते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मेंदूच्या क्षयाची मुलं मी पाहिली आहेत. मान ताठलेली, नजर कुठेच न ठरणारी. वाचलेल्यांपैकी काहींना नंतर ऐकू येईना, काही कधी शाळेत गेली नाहीत. ज्याने ती मुलं पाहिली आहेत, तो बीसीजीला निकामी म्हणणार नाही. म्हणून कोणाच्याही घरी बाळ जन्मलं तर पहिल्या दिवसांतच ही लस द्या, हे मी आजही आग्रहाने सांगतो.

मोठ्यांच्या फुप्फुसांचा क्षय मात्र वेगळा. इंग्लंडमध्ये 1950 च्या दशकात शाळा संपवणाऱ्या मुलांवर चाचणी झाली, तिथे बीसीजीने 77 टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिलं. मग 1968 पासून आपल्याकडे मद्रासजवळच्या चिंगलपट जिल्ह्यात तपासलं. अडीच लाखांहून अधिक माणसं, काहींना खरी लस, काहींना नुसतं द्रावण, कोणाला काय दिलं हे देणाऱ्यालाही ठाऊक नाही. पंधरा वर्षं लक्ष ठेवलं. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण शून्य निघालं. तीच लस, तोच रोग, एकीकडे 77 आणि एकीकडे शून्य.

याचं कारण काय? सर्वांत जास्त पटणारं स्पष्टीकरण मातीत आहे. क्षयजंतूचे कितीतरी निरुपद्रवी भाऊबंद माती-पाण्यात राहतात, आणि उष्ण दमट प्रदेशात ते भरपूर असतात. आपल्या मुलांच्या शरीराला त्यांची ओळख लहानपणीच होते. मग बीसीजी येते तेव्हा शरीराला त्यात नवं काही वाटत नाही, किंवा ते त्या लसीचा जंतू रुजायच्या आतच संपवून टाकतं. बाळाच्या शरीराची पाटी कोरी असते, म्हणून जन्मतः दिलेली लस लागू पडते. शिवाय हे संरक्षण दहा-पंधरा वर्षांत ओसरत जातं. तुमची मुलगी 19 ची. म्हणजे बीसीजीची मुदत संपत आली आणि कॉलेज, बस, वसतिगृह, गर्दी सुरू झाली, असं हे वय.

आता लस का अडते ते. गोवर एकदा होऊन गेला की पुन्हा होत नाही. निसर्गाने शरीराला कायमचं शिकवलेलं असतं आणि गोवराच्या लसीने त्याचीच नक्कल करायची असते. क्षयात निसर्गाकडे असा धडाच नाही. एकदा क्षय होऊन पूर्ण बरा झालेल्या माणसाला तो पुन्हा होऊ शकतो. म्हणजे आपल्याला निसर्गाहून सरस काही घडवायचं आहे, तेही समोर नमुना नसताना.

त्यातून हा जंतू राहतो कुठे, तर जंतू गिळून मारणाऱ्या पेशींच्याच पोटात. पहारेकऱ्याच्या घरी चोराने बिऱ्हाड करावं तसं. शरीर त्याच्याभोवती पेशींची भिंत बांधतं, आत तो निजून राहतो. आतड्यातला ई-कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयजंतूला त्यासाठी जवळपास अख्खा दिवस लागतो. संसर्ग झालेल्या दहांपैकी नऊ जणांना आयुष्यभर काही होत नाही. उरलेल्यांत कोणाला वर्षभरात, कोणाला तीस वर्षांनी, मधुमेह झाल्यावर, उपासमारीनंतर किंवा म्हातारपणी रोग उफाळतो. रक्तात फिरणारी प्रतिद्रव्यं त्या पेशीच्या पोटात सहसा पोचत नाहीत. तिथे टी-पेशींचं, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींचं काम असतं, आणि तेही मोजूनमापून. त्या कमी पडल्या तर जंतू वाढतो, अति झाल्या तर फुप्फुसाची चाळण होते. मुलीच्या एक्स-रेमध्ये डॉक्टरांनी तुम्हाला पोकळी दाखवली असेल, तर तिथला बराचसा नाश जंतूपेक्षा शरीराच्याच लढाईने केलेला असतो.

करोनाशी तुलना करायची तर इथे करा. त्या विषाणूच्या अंगावरचं काट्यासारखं एकच प्रथिन पकडायचं होतं आणि त्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करायची होती. क्षयजंतूकडे सुमारे 4,000 जनुकं आहेत, त्यांतली कोणती चार-दोन निवडायची हाच पहिला वाद. पण माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण लस बनवण्याची नाहीच. लस लागू पडली हे कळायचं कसं, ही आहे. चाचणीत काम करेपर्यंत मलाही हे एवढं उमगलं नव्हतं.

कावीळ-बीची लस दिल्यावर रक्ताचा एक थेंब तपासून सांगता येतं की हा माणूस सुरक्षित आहे. क्षयासाठी अशी एकही रक्ततपासणी आज नाही. लस दिली, टी-पेशी वाढल्या, आकडे छान दिसले, तरी त्याने माणूस वाचणार का, हे सांगता येत नाही. मग एकच मार्ग उरतो. हजारो लोकांना लस किंवा नुसतं द्रावण द्यायचं आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची की कोण आजारी पडतं. आजारी तर फार थोडे पडतात, आणि तेही सावकाश.

करोनाची एक प्रसिद्ध चाचणी 2020 च्या जुलै अखेर सुरू झाली. सुमारे 43 हजार लोक. नोव्हेंबरपर्यंत 170 जण आजारी पडले होते: 162 लस न मिळालेले, 8 लस मिळालेले. चार महिन्यांत निकाल. आता क्षयाची आजची सर्वांत आशादायक लस घ्या, एम-72. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि झांबियात, जिथे क्षय आपल्यासारखाच किंवा जास्त आहे तिथे, आधीच संसर्ग झालेल्या सुमारे 3,300 निरोगी प्रौढांचा तीन वर्षं पाठपुरावा केला. आजारी पडले 39. लस मिळालेल्यांत 13, द्रावण मिळालेल्यांत 26. संरक्षण जवळपास 50 टक्के. तीन वर्षांचं काम, तीन देशांतले दवाखाने, आणि सगळा निकाल त्या 39 माणसांच्या बेडक्यावर उभा.

त्याआधीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा आकडा किती मोलाचा आहे ते कळणार नाही. बीसीजीवर वर्धक म्हणून दुसरी एक लस बनवली होती, एमव्हीए-85-ए. प्राण्यांत चांगली, माणसांच्या रक्तात टी-पेशींचे आकडे चांगले. दक्षिण आफ्रिकेत सुमारे 2,800 बाळांवर चाचणी झाली. निकाल 2013 मध्ये आला: लस मिळालेल्या बाळांत 32 जणांना क्षय, न मिळालेल्यांत 39. हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. तो शोधनिबंध मी रात्री दवाखाना बंद करून वाचला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. रक्ताने आम्हाला चुकीचं सांगितलं होतं. त्यानंतर काही वर्षं या क्षेत्राकडे येणारा पैसा आणि उत्साह दोन्ही आटले, असा माझा अनुभव आहे.

म्हणूनच 2018 मध्ये एम-72 चे पहिले आकडे, लस मिळालेल्यांत 10 आजारी आणि न मिळालेल्यांत 22, आले तेव्हा आम्ही एकमेकांना फोन केले. ही लस म्हणजे क्षयजंतूच्या दोन प्रथिनांचं जोडलेलं एक प्रथिन, आणि सोबत शरीराला जागं करणारं मिश्रण. त्या मिश्रणातला एक घटक चिलीमधल्या एका झाडाच्या सालीतून काढतात. आपल्या रिठ्यात जो फेस करणारा गुण असतो, त्याच जातीचं रसायन. एक महिन्याच्या अंतराने दोन टोचण्या. पहिला निकाल 2018 चा, पूर्ण तीन वर्षांचा 2019 चा. आणि पुढच्या, म्हणजे तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीची पहिली टोचणी पडली 2024 च्या मार्चमध्ये. मधली वर्षं कुठे गेली? बनवणाऱ्या कंपनीने 2020 मध्ये लसीचे हक्क गेट्स प्रतिष्ठानच्या वैद्यकीय संस्थेला दिले, आणि मग त्या प्रतिष्ठानने व वेलकम न्यासाने मिळून 55 कोटी डॉलर उभे केले, तेव्हा गाडी हलली. क्षय होतो तो मुख्यतः गरिबांना, त्यामुळे एवढा पैसा परत मिळेल याची हमी कोणालाच वाटत नव्हती. दरवर्षी बारा लाखांच्या वर माणसं या रोगाने जातात. त्या पाच वर्षांच्या थांबण्याचा मला आजही राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

आता या चाचणीत सुमारे 20 हजार लोक आहेत, दक्षिण आफ्रिका, केनिया, मलावी, झांबिया आणि इंडोनेशियातले. भारतातलं एकही केंद्र त्यात नाही. जगातले साधारण चौथ्या हिश्श्याचे क्षयरोगी आपल्या देशात आहेत, म्हणून हे मला खटकतं. लस तिथे यशस्वी ठरली तरी आपल्याकडे ती चालेल का, हा प्रश्न चिंगलपटनंतर कोणीही हलक्यात घेऊ नये.

आपल्याकडे काहीच होत नाही असंही नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2019 मध्ये सहा राज्यांत क्षयरोग्यांच्या घरातल्या बारा हजारांहून अधिक माणसांवर दोन लसींची चाचणी सुरू केली. त्यातली एक म्हणजे बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत जनुकं बदलून घडवलेलं सुधारित बीसीजी, जे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने पुढे नेलं. दुसरी एका निरुपद्रवी भाऊबंद जंतूपासून केलेली, प्राण तलवार यांच्या संशोधनातून आलेली. तिचा मूळ वापर कुष्ठरोगासाठी. याशिवाय स्पेनच्या झारागोझा विद्यापीठात कार्लोस मार्तिन यांच्या चमूने माणसाच्याच क्षयजंतूची दोन जनुकं काढून एमटीबीव्हॅक ही जिवंत लस केली आहे. तिच्या भारतातल्या चाचण्या भारत बायोटेकने 2024 मध्ये सुरू केल्या. बीसीजी गुरांच्या जंतूची आणि ही माणसाच्या जंतूची, त्यामुळे बीसीजीने हरवलेले बरेच तुकडे हिच्यात शाबूत आहेत. दोन जनुकं का काढली? एक बिघाड जंतूने स्वतःहून दुरुस्त केला तरी दुसरा त्याला अडवेल म्हणून. जिवंत लसीबद्दलची ही सावधगिरी फार महागात शिकलेली आहे. 1930 च्या सुमारास जर्मनीतल्या ल्युबेक शहरात बीसीजीत खरा क्षयजंतू मिसळला गेला आणि सत्तरहून अधिक बाळं गेली.

माकडांवरचा एक प्रयोगही सांगतो, कारण वर्तमानपत्रात तो वाचून लोक विचारतात. 2020 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी तेच जुनं बीसीजी कातडीत न देता शिरेतून दिलं. दहा माकडांपैकी नऊ जणांना उत्तम संरक्षण मिळालं, सहांत तर नंतर जंतूचा मागमूस सापडला नाही. जिवंत जंतू लाखो माणसांच्या शिरेत सोडणं कोणी करणार नाही. पण क्षयापासून जवळजवळ संपूर्ण संरक्षण शक्य आहे, हे प्रथमच डोळ्यांनी दिसलं. त्या माकडांच्या फुप्फुसांत नेमकं काय बदललं होतं, यावर आज प्रयोगशाळांत जे काम चाललं आहे, त्याच्यावर माझी सर्वांत जास्त भिस्त आहे. त्यातून एखादी रक्ततपासणी हाती लागली, तर तीन वर्षांचं काम सहा महिन्यांत होईल.

चाचणी प्रत्यक्षात कशी चालते याबद्दल थोडं. आमच्या यादीतल्या कोणाला दोन आठवडे खोकला झाला की आमचा माणूस त्याच्या दारात. दोन-तीन वेळा बेडका घ्यायचा, जनुक-तपासणी करायची आणि नळीत जंतू वाढतो का ते पाहायला सहा आठवडे थांबायचं. एकदा एका प्रयोगशाळेत वीज गेली, जनित्र चाललं नाही आणि कित्येक नळ्यांत बुरशी शिरली. त्या नळ्यांतले तिघे जण खरे रोगी होते असा माझा ठाम समज होता, पण पुरावा गेला. औषधं आम्ही त्यांना दिली आणि ते बरे झाले. चाचणीच्या हिशेबात मात्र ते रोगी म्हणून मोजले गेले नाहीत. जिथे सगळा निकाल 39 माणसांवर ठरतो, तिथे तिघे म्हणजे काय, ते तुम्ही ओळखा.

संमतीपत्र वाचून दाखवताना एका बाईंनी विचारलं होतं, "मला पाणी टोचलं तर माझा काय फायदा?" मी सांगितलं, "तीन वर्षं दर काही महिन्यांनी कोणीतरी तुमची तपासणी करेल. आजार झालाच तर लवकर सापडेल. याहून जास्त मी कबूल करत नाही." त्यांनी सही केली. टोचलं काय ते त्यांना कधीच कळलं नाही, तरी तीन वर्षं प्रत्येक भेटीला त्या आल्या. आपल्याला उद्या जी लस मिळेल, ती अशा माणसांनी दिलेल्या वर्षांतून मिळेल.

हे काम गोव्यात करायचं म्हटलं तर? मी पुष्कळदा विचार केला आहे. आपलं राज्य लहान, रस्ते चांगले, बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, कोणालाही दोन-तीन तासांत गाठता येतं. पण क्षयाचा धोका ज्यांना जास्त, ते एका जागी राहत नाहीत. मालीम आणि कुटबणच्या जेटीवरचे खलाशी जूनमध्ये मासेमारी बंद झाली की आपापल्या गावी जातात आणि ऑगस्टमध्ये परततात, कधी दुसऱ्याच ट्रॉलरवर. पर्वरीच्या इमारतींवरचे कामगार एक इमारत संपली की पुढे जातात. एका महिन्याच्या अंतराने दोन टोचण्या आणि मग तीन वर्षं खबर ठेवायची, तर त्यांच्या गावातल्या आरोग्य केंद्राशीही धागा जोडलेला हवा. जे राहत्या घराचा पत्ता देऊ शकतात तेच चाचणीत येतात आणि ज्यांना लस सर्वांत जास्त हवी ते बाहेर राहतात, ही खोट जगभरच्या चाचण्यांत आहे.

दुसरी गोव्याची स्वतःची बाब मधुमेहाची. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं, 26.4 टक्के. मधुमेह असेल तर क्षय होण्याची शक्यता साधारण तिप्पट होते. माझ्या दवाखान्यातला पन्नाशीपुढचा क्षयरोगी आला की मी आधी साखर तपासतो, आणि कितीदा तरी दोन्ही रोग एकाच दिवशी सापडतात. एम-72 चा तो 50 टक्क्यांचा आकडा 18 ते 50 वयाच्या निरोगी माणसांचा आहे. साठीच्या, साखर अडीचशे असलेल्या डिचोलीच्या गृहस्थांत ती लस किती चालेल, हे वेगळं तपासावं लागेल. गोव्याने कोणत्याही चाचणीत भाग घ्यायचा तर हाच प्रश्न घेऊन घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तो इथे जितका चांगला तपासता येईल, तितका फार थोड्या ठिकाणी येईल.

आणि लस येईपर्यंत हातात काय आहे? झारखंडमध्ये अनुराग आणि माधवी भार्गव या डॉक्टर दांपत्याने एक अभ्यास केला, 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. क्षयरोग्याच्या घरातल्या दहा हजारांवर माणसांपैकी अर्ध्यांना दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नव्या क्षयाचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी राहिलं, आणि बेडक्यातून पसरणारा फुप्फुसाचा क्षय 48 टक्क्यांनी. हा आकडा एम-72 च्या शेजारी ठेवून पाहा. तो वाचल्यापासून मी प्रत्येक रोग्याच्या घरच्यांचं वजन करायला लागलो. पूर्वी फक्त रोग्याचं करायचो.

आता तुमचा मुलगा. त्याला पुन्हा बीसीजी का नको? ब्राझीलमध्ये दोन लाखांहून अधिक शाळकरी मुलांवर हे करून पाहिलं, फायदा नगण्य निघाला. मग 2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या 990 किशोरवयीन मुलांच्या एका अभ्यासात पुन्हा दिलेल्या बीसीजीने टिकून राहणारा संसर्ग सुमारे 45 टक्क्यांनी कमी झाल्यासारखा दिसला, आणि आमच्या आशा वाढल्या. तेच 1,800 मुलांवर पुन्हा पडताळून पाहिलं, तेव्हा तो फायदा दिसला नाही. आपल्या सरकारने 2024 मध्ये काही राज्यांत मोठ्यांना बीसीजी देण्याचा कार्यक्रम अभ्यास म्हणून हाती घेतला, तो 18 वर्षांवरच्या जोखमीच्या लोकांसाठी. तुमचा मुलगा 15 चा आहे. खासगीत कोणी टोचून देतो म्हणालं तरी घेऊ नका. त्याने तुम्हाला खोटा धीर येईल आणि जे करायचं ते राहून जाईल.

करायचं ते असं. मुलाला आणि घरात राहणाऱ्या प्रत्येकाला, आजी-आजोबांनाही, आरोग्य केंद्रात न्या. खोकला, ताप, वजन उतरणं, मानेत गाठ यांची चौकशी आणि छातीचा एक्स-रे. त्यात काही सापडलं तर बेडका तपासून पूर्ण उपचार. काहीच सापडलं नाही, तर प्रतिबंधक औषध: आठवड्यातून एकदा असे 12 डोस, किंवा रोज एक गोळी सहा महिने. कोणतं, ते डॉक्टर ठरवतील. रोग नाही याची खात्री झाल्याशिवाय हे औषध सुरू करायचं नाही, नाहीतर अर्धवट उपचाराने जंतू औषधाला दाद देईनासा होतो. मुलीच्या बेडक्याचा जनुक-तपासणीचा अहवाल सोबत न्या. तिचा जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नसेल, तर मुलाचं प्रतिबंधक औषधही वेगळं असतं. घरात कोणाला मधुमेह असेल तर तेही सांगा.

मुलीच्या नावाने निक्षय पोषण योजनेचे दरमहा 1,000 रुपये बँकेत येतील, खातं जोडलं आहे का ते विचारून घ्या. ते पैसे फक्त तिच्या ताटापुरते धरू नका. सकाळच्या पेजेसोबत अंडं, दुपारी मासळी किंवा चवळी-मुगाची उसळ, दूध, हे दोघा भावंडांना द्या. दोघांचं वजन दर महिन्याला वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या तपासणीला ती वही घेऊन जा. मुलाचं वजन दोन महिने सलग वाढलं नाही किंवा उतरलं, तर पहिला एक्स-रे चांगला असला तरी त्याला पुन्हा दाखवा. संसर्गानंतरची पहिली दोन वर्षं सर्वांत जोखमीची असतात.